राखीव जागेवरच्या सरपंच-नगरसेवकांचा जातीवरून अपमान: कलमं, पुरावा, कागद (नागपूर जिल्हा)

कन्हानकाठ
नमस्कार, जय भीम, जय सेवा मंडळी.

सरपंचपदाचं आरक्षण फिरतं. त्यामुळे जिथे अनुसूचित जाती-जमातीचं माणूस कधी त्या खुर्चीवर बसलं नव्हतं, तिथे ते निवडून येतं. मग काय काय होतं ते पारशिवनीपासून भिवापूरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. मासिक सभेत सरपंच बोलायला लागली की सदस्य उठून जातात. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी भलत्याच्याच हातात असते. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कोट्यातली सरपंच' म्हणून लिहिलं जातं. तक्रार करायला माणूस ठाण्यात जातो आणि अदखलपात्र नोंदीचा कागद घेऊन परत येतो, कारण काय लिहायचं आणि सोबत काय न्यायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

या धाग्यात तेवढंच आणू या. आपापले किस्से नकोत. कलम, कागद, मुदत आणि नेमकं कुठे चुकतं ते लिहा. नगरसेवक, जिल्हा परिषद आणि पंचायत समिती सदस्यांनाही हे लागू आहे. पहिला प्रश्न असा की अपमान करताना जातीचं नाव घेतलंच नाही, तर ॲट्रॉसिटी (अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा) लागते का?

वकील_सदर
लागू शकते, आणि इथेच बहुतेक फिर्यादी चुकीच्या कलमावर उभ्या राहतात.

लोकांना दोनच कलमं माहीत असतात. ३(१)(एस) म्हणजे लोकांच्या नजरेसमोर जातीच्या नावाने शिवीगाळ. ३(१)(आर) म्हणजे लोकांच्या नजरेसमोर, पाणउतारा करण्याच्या हेतूने केलेला अपमान किंवा दिलेला धाक. 'कोट्यातली', 'राखीव शिटवाली', 'जयभीमवाले आता आम्हाला शिकवणार' या बोलण्यात जातीचं नाव नाही, म्हणून एस कमजोर पडतं. आर मात्र बसू शकतं. समोरच्याला जात माहीत होती का, हा वाद निघाला तर कलम ८(सी) वाचा: आरोपी पीडित व्यक्तीला किंवा तिच्या कुटुंबाला वैयक्तिक ओळखत असेल तर त्याला जात माहीत होती असं न्यायालय गृहीत धरतं, उलट सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर येते. एका गावात ओळख दाखवायला मतदार यादी आणि शेजारचा घर क्रमांकसुद्धा कामी येतो.

आता तिसरं कलम, जे लोकप्रतिनिधींसाठीच आहे आणि फिर्यादीत क्वचित दिसतं: ३(१)(एम). पंचायत किंवा नगरपालिका-महानगरपालिकेचा सदस्य, अध्यक्ष वा पदाधिकारी असलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला तिचं नेहमीचं काम करण्यात अडथळा आणणं, धमकावणं किंवा तिच्यावर जबरदस्ती करणं. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत हे आलं. यात 'लोकांच्या नजरेसमोर' ही अट नाही. जातिवाचक शब्द उच्चारलेच पाहिजेत अशीही नाही. सरपंचाच्या खोलीचं दार बंद करून चौघांनी धमकावलं तर आर आणि एस दोन्ही डळमळतात, एम टिकू शकतं. पण त्यासाठी फिर्यादीत कोणतं काम अडलं ते लिहावं लागतं: सभेचं अध्यक्षपद, ठरावावर सही, धनादेश, ध्वजारोहण, ग्रामसभा. 'मला त्रास दिला' एवढ्याने एम लागत नाही.

निवडणुकीच्या वेळचं कलम ३(१)(एल) आहे. अर्ज भरू नको, मागे घे, सूचक होऊ नको म्हणून दबाव आणला तर ते. मतदानानंतर मारहाण किंवा सामाजिक-आर्थिक बहिष्कार झाला तर ३(१)(एन).

पेंच_उजवा_कालवा
वकीलसाहेब, एक बाजू मांडतो, राग मानू नका. सरपंच आणि सदस्यांचं भांडण पुष्कळदा रस्त्याच्या कंत्राटावरून असतं. प्रत्येक भांडणाला ॲट्रॉसिटी लावली की खरं प्रकरणही संशयात जातं.

वकील_सदर
राग कशाला, मुद्दा बरोबर आहे आणि न्यायालयही हेच पाहतं. हितेश वर्मा प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कोणी नसताना झालेलं बोलणं 'लोकांच्या नजरेसमोर' धरलं नाही. वाद जमिनीचा होता हेही विचारात घेतलं. उलट स्वरण सिंग प्रकरणात (२००८) जागा खाजगी असली तरी तिथे बाहेरचे लोक पाहत-ऐकत असतील तर ती लोकांच्या नजरेतली जागा ठरू शकते, असं सांगितलं. म्हणून फिर्यादीत जागेचं वर्णन नीट हवं: सभागृहाचं दार उघडं होतं का, दाखला घ्यायला आलेले नागरिक व्हरांड्यात होते का, शिपाई, ऑपरेटर, अंगणवाडी सेविका कुठे उभ्या होत्या. नात्यातले दोन साक्षीदार देण्यापेक्षा दाखल्यासाठी थांबलेला एक परका माणूस जास्त मोलाचा.

पण भाऊ, कंत्राटाचा वाद आहे म्हणून जातीवरचा अपमान पुसला जात नाही. दोन्ही एकाच सभेत घडू शकतात. फिर्यादीत कंत्राटाचा वाद लपवू नका, आधी तोच लिहा आणि मग बोलणं त्यावरून जातीवर कसं गेलं ते लिहा. लपवलेला वाद उलटतपासात बाहेर आला की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास राहत नाही.

प्रोसिडिंग_बुक
ग्रामपंचायतीच्या दप्तराबद्दल लिहितो, कारण सगळ्यात पक्का पुरावा तिथेच तयार होतो किंवा तिथेच मरतो.

सभेत काही घडलं तर सरपंचाने त्याच सभेत, अध्यक्ष म्हणून, प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) नोंद घ्यायला सांगावं. ग्रामपंचायत अधिकारी (जुने ग्रामसेवक) पुष्कळदा 'सभेत गोंधळ झाला' एवढंच लिहितात. तसं झालं तर इतिवृत्त कायम करताना आपला आक्षेप शब्दांसह लिहून घ्यावा. तोही नाकारला तर त्याच दिवशी पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्याला पत्र द्यावं आणि आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा. आवक नोंदीची तारीख मागची टाकता येत नाही, म्हणून तिला वजन आहे. साध्या कागदावर लिहून घरी ठेवलेल्या टिपणाला ते नाही.

नंतर प्रोसिडिंगची साक्षांकित प्रत माहिती अधिकारात मागा: अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीचे पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. त्या पानाबरोबर आधीचं आणि नंतरचं पानही मागा. पान बदललं किंवा मध्ये कोरी जागा सोडली तर क्रमावरून कळतं.

दुसरं, डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं प्रमाणपत्र. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर वित्त आयोगाच्या निधीचं पेमेंट सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल सहीशिवाय जात नाही. बऱ्याच गावांत सरपंचाची डीएससी ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये किंवा उपसरपंचाकडे असते आणि पिन सगळ्यांना पाठ. 'तुला काय समजते, आम्ही करतो' असं म्हणून डीएससी काढून घेणं हा एम मधला अडथळा आहे. लेखी मागणी करा, पोच घ्या. दिली नाही तर रद्द करून नवीन काढा. ती दुसऱ्याच्या हातात राहिली आणि पैशाचा घोळ झाला तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ ची (पदावरून काढण्याची) कारवाई सरपंचावर येते, आणि मग मूळ तक्रार 'स्वतःचा घोळ झाकायला केली' असं म्हणायला समोरचे मोकळे. जातीवरून त्रास होत असलेल्या सरपंचाने मोजमाप पुस्तक, कॅशबुक आणि व्हाउचर तारखेनुसार लावून ठेवणं हे त्याच लढाईचं काम आहे.

उमरेड_रोड_ताई
महिला सरपंचांसाठी जोडते. फिर्याद पतीने सांगू नये. ठाण्यात तो सोबत असला तरी जबाब तिच्याच तोंडून आणि तिच्याच शब्दांत हवा. पतीच्या भाषेत लिहिलेला जबाब साक्षीत वेगळा पडतो आणि 'खरा सरपंच तर नवरा आहे' हा बचाव आयता मिळतो. लैंगिक अर्थाचे शब्द किंवा हावभाव झाले असतील तर ३(१)(डब्ल्यू) वेगळं मागा. लाजेपोटी ते शब्द गाळून फक्त 'अश्लील बोलला' लिहितात, तिथेच कलम निसटतं.

वकील_सदर
ताईंचं अगदी बरोबर. हेच जातिवाचक शब्दांनाही लागू. 'जातिवाचक शिवीगाळ केली' हा पोलिसांचा ठरीव मजकूर आहे. फिर्यादीत बोललेलं वाक्य जसंच्या तसं हवं, वऱ्हाडीत असेल तर वऱ्हाडीत, झाडीबोलीत असेल तर तसंच. आणखी एक वाक्य हमखास राहून जातं: आरोपी अनुसूचित जाती किंवा जमातीचा नाही. हे गुन्ह्याचंच अंग आहे. प्रत्येक आरोपीसाठी लिहा.

ठाण्यावर काय ऐकायला मिळतं आणि त्याला उत्तर काय, ते सांगतो.

'आधी चौकशी करू.' २०१८ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८-ए म्हणतं की गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची गरज नाही. आजकाल काही ठिकाणी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १७३(३) दाखवतात, ज्यात ३ वर्षं किंवा जास्त पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. ३(१) ची शिक्षा ६ महिने ते ५ वर्षं, म्हणून ते त्यात बसवू पाहतात. पण ॲट्रॉसिटी हा विशेष कायदा आहे आणि त्याचं कलम २० इतर कायद्यांवर त्याला वरचढ ठेवतं. हे शांतपणे, लेखी अर्जात लिहून द्या.

'डीवायएसपी साहेब आल्यावर नोंदवू.' ॲट्रॉसिटी नियमांतल्या नियम ७ प्रमाणे तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. गुन्हा ठाण्यातच नोंदवायचा असतो, साहेबांची वाट पाहायची नसते. तपास मात्र खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने केला तर पुढे तो बचावाचा मुद्दा होतो, त्यामुळे तुमचा जबाब कोण घेतंय याकडे लक्ष ठेवा.

'एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो.' नको म्हणा. तरी घेतली तर ग्रामीण हद्दीत पोलीस अधीक्षकांना, शहरात वरिष्ठांना त्याच संहितेच्या १७३(४) खाली लेखी द्या. तिथेही काही झालं नाही तर न्यायालय. हद्द आमची नाही म्हणाले तर शून्य क्रमांकाने नोंद घ्यायला सांगा. तोंडी फिर्याद लिहून ती वाचून दाखवणं आणि प्रत लगेच देणं हे ॲट्रॉसिटीच्या कलम ४ खाली अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. आरोपपत्राची मुदत ६० दिवस.

अटकपूर्व जामीन कलम १८ ने अडवला आहे, पण प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर न्यायालय तो देऊ शकतं, असं फेब्रुवारी २०२० च्या पृथ्वीराज चौहान निकालात आहे. म्हणजे पहिल्या फिर्यादीचा मजकूर ढिला राहिला तर जामिनाच्या टप्प्यावरच प्रकरण सैल होतं.

डिजिटल_धंतोली
ग्रुपवरच्या मजकुराचं सांगतो. नुसता स्क्रीनशॉट नेऊ नका. आधी ग्रुपची माहिती उघडा, सदस्यसंख्या आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसू द्या, मग खाली येत त्या संदेशापर्यंत स्क्रीन रेकॉर्डिंग करा. चॅट एक्स्पोर्ट करा. फोन बदलू नका, रीसेट करू नका, ग्रुप सोडू नका. 'डिलीट फॉर एव्हरीवन' होण्याआधी आणखी दोघांच्या फोनमध्ये तो संदेश आहे का पाहून त्यांची नावं साक्षीदार म्हणून द्या.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, जुनं ६५-बी नाही. त्याच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: भाग अ ज्याच्याकडे उपकरण आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लिहावी लागते. पोलिसांनी फोन जप्त केला तर पंचनाम्यावर आयएमईआय नंबर बरोबर आहे का पाहा. एक आकडा चुकला तरी वाद होतो.

ग्रुप ॲडमिनला आपोआप आरोपी करू नका. सदस्याच्या पोस्टसाठी ॲडमिन केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार नाही, असं नागपूर खंडपीठानेच २०२१ मध्ये म्हटलं आहे. समान हेतू दाखवता येत असेल तरच नाव घाला. दहा नावं घातली की खरा बोलणारा त्या गर्दीत सुटतो.

कन्हानकाठ
नागपुरात एक बचाव नेहमी येतो: फिर्यादी बौद्ध आहे, मग अनुसूचित जातीचा कसा? यावर कोणी नेमकं सांगेल का?

कोतवालबुक
सांगतो. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या परिच्छेद ३ मध्ये आधी फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आले आणि १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध. त्यामुळे १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारलेल्या कुटुंबाचा वारस अनुसूचित जातीचाच आहे. अट एवढीच की दाखला धर्मांतरित बौद्धांच्या नमुन्यातला हवा आणि त्यात मूळ जात लिहिलेली हवी. शाळेच्या दाखल्यावर फक्त 'बौद्ध' असेल आणि आजोबांच्या कागदावर जात असेल, तर दोन्ही जोडून वंशावळीचं शपथपत्र लावा. फिर्यादीसोबत जातीचा दाखला द्या. वैधता (जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र) नसली म्हणून फिर्याद अडत नाही.

निवडणुकीला मात्र वैधता लागते. स्थानिक स्वराज्य संस्थेच्या राखीव जागेसाठी ती अर्जासोबत किंवा समितीकडे केलेल्या अर्जाची पोच आणि हमीपत्र देऊन ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते. मुदत पाळणं बंधनकारक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. मुदत चुकली की पद जातं, कितीही मतांनी निवडून आलेले असा. म्हणून निवडणुकीची घोषणा होण्याची वाट पाहू नका. अनुसूचित जाती, इतर मागास आणि विमुक्त-भटक्यांची समिती श्रद्धानंदपेठेत सामाजिक न्याय भवनात, जमातींची गिरीपेठेत आदिवासी विकास भवनात.

कागद कोणत्या तारखेपूर्वीचे हवेत तिथेच सगळी गंमत बिघडते: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. आपला जिल्हा आधी मध्य प्रांतात आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्यामुळे जुनी कोतवाल बुकं (गावची जन्म-मृत्यू नोंदवही), दाखल-खारीज (शाळेचं प्रवेश रजिस्टर) आणि बंदोबस्त मिसल (जमिनीचे जुने कागद) हिंदीत सापडतात. जातीच्या नावाचं हिंदी रूप आणि आजचं मराठी रूप यात काना-मात्रेचा फरक असतो. तो आधीच शपथपत्रात खुलासा करून टाका, समितीचं दक्षता पथक विचारेपर्यंत थांबू नका. कुटुंब बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याहून त्या तारखेनंतर आलं असेल तर महाराष्ट्राची राखीव जागा लढवता येत नाही.

जमातींमध्ये हलबा-कोष्टी प्रश्न (कोष्ट्यांना हलबा जमातीत धरायचं का) नागपूरकरांना सांगायला नको; २८ नोव्हेंबर २००० च्या मिलिंद निकालानंतर किती घरांची वाट बंद झाली ते महाल-पाचपावलीत दिसतं. पण मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आप्तभाव चाचणी (जमातीच्या चालीरीतींशी नातं तपासणं) ही एकमेव कसोटी नाही, स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदाला जास्त वजन आहे, हे सांगितलं. रीतसर तपासून वैधता मिळालेला वडिलांकडचा रक्ताचा नातेवाईक असेल तर ते प्रमाणपत्र पहिल्या पानावर लावा.

पेंच_उजवा_कालवा
रामटेकचं उदाहरण इथे यायलाच पाहिजे. २०२४ च्या लोकसभेला, रश्मी बर्वे जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्ष, काँग्रेसच्या उमेदवार. २८ मार्चला समितीने त्यांची वैधता रद्द केली आणि अर्ज बाद झाला. पर्यायी उमेदवार म्हणून त्यांचे पती श्यामकुमार बर्वे यांचा अर्ज होता, ते लढले आणि निवडून आले. सप्टेंबरमध्ये नागपूर खंडपीठाने समितीचा तो आदेश रद्द केला. निवडणूक तोवर कधीच होऊन गेली होती.

कोतवालबुक
म्हणूनच पक्षाच्या एबी फॉर्मवर (पक्षाने उमेदवारी दिल्याच्या कागदावर) पर्यायी नाव असलंच पाहिजे आणि त्याचेही जातीचे कागद तितकेच तयार हवेत. हा सल्ला ग्रामपंचायतीतही लागू: पॅनलने राखीव जागेवर दुसरा अर्ज भरून ठेवावा. वारशाचा कागद माणसाच्या सार्वजनिक आयुष्यावर असा टांगता असतो, खुल्या जागेवरच्या उमेदवाराला याची कल्पनाही येत नाही.

डिजिटल_धंतोली
ईशान्येकडच्या मुलांना इथे रंगरूपावरून बोलतात, तिकडचा एखादा लोकप्रतिनिधी आला तरी तेच. त्यांना हा कायदा लागतो का? ते महाराष्ट्राच्या यादीत नाहीत.

वकील_सदर
लागतो. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ठरवलं की ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण ज्या राज्याच्या यादीत जात-जमात आहे तेवढ्यापुरतं नाही, देशभर आहे. नागालँडची अनुसूचित जमात नागपुरातही संरक्षित. वर बालाघाटच्या कुटुंबांचं आलं, त्यांनाही हेच: राखीव जागा नाही मिळणार, पण अपमानाची फिर्याद करता येईल. अनुसूचित नसलेल्याला, नुसत्या वंशावरून झालेल्या अपमानाला आपल्याकडे वेगळं कलम नाही. ईशान्येकडच्या लोकांच्या प्रश्नांवर नेमलेल्या बेझबरुआ समितीने २०१४ मध्ये तशी शिफारस केली होती, भारतीय न्याय संहितेत ती आली नाही. तिथे त्याच संहितेचं ३५२ (मुद्दाम अपमान), ३५१ (धमकी) आणि प्रसंगानुसार १९६ (गटांत वैर पसरवणं) वापरावं लागतं. इतर मागास आणि भटक्या-विमुक्त सरपंचांनाही हीच वाट. सरपंच लोकसेवक असल्यामुळे कामात अडथळ्याचं २२१, हल्ला असेल तर १३२.

उमरेड_रोड_ताई
दादाभाई नौरोजींची आठवण झाली. १८८८ मध्ये पंतप्रधान सॅलिसबरी जाहीर भाषणात बोलले की इंग्रज मतदारसंघ 'काळ्या माणसाला' निवडून देणार नाही. वर्तमानपत्रांनी ते शब्द जसेच्या तसे छापले, त्यावर वादळ उठलं, आणि १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून दादाभाई अवघ्या ५ मतांच्या फरकाने खासदार झाले. शब्द नोंदवले गेले म्हणून त्यांना उत्तर देता आलं.

अर्थसाहाय्याचं कोणी सांगितलं नाही जी.

वकील_सदर
आर आणि एस ला १ लाख रुपये, एम ला ८५ हजार. २५ टक्के गुन्हा नोंदल्यावर, ५० टक्के आरोपपत्र न्यायालयात गेल्यावर, २५ टक्के शिक्षा झाल्यावर. म्हणजे एम मध्ये पहिला हप्ता २१,२५० रुपये. समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात एफआयआर, जातीचा दाखला, बँक पासबुक द्या. ठाण्याकडून कागद जायची वाट पाहू नका, स्वतः नेऊन पोच घ्या. अडलं तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व नियंत्रण समितीला लिहा. तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी. राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६.

कन्हानकाठ
मागच्या वर्षीच्या २६ जानेवारीची घटना असेल, तेव्हा भीतीने तक्रार केली नसेल, तर आता चालेल का?

वकील_सदर
चालेल. ३(१) ची कमाल शिक्षा ५ वर्षं असल्यामुळे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ ची मुदत आडवी येत नाही. उशीर का झाला ते फिर्यादीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा: कोणाची भीती, मजुरी कोणाच्या शेतात, पाणी कोणाच्या विहिरीवरून, मधल्या काळात गटविकास अधिकाऱ्याला दिलेलं पत्र असेल तर त्याचा आवक क्रमांक. आणि त्या दिवशीचे ध्वजारोहणाचे फोटो शाळेच्या मुख्याध्यापकांकडे असतातच, ते आधी मिळवा.